चावडीतला दुखवटा

गोजाबाईला सकाळपासून तीनदा लोटा घेऊन ओढ्याकडं जावं लागलं. पोट बिघडेल असं तिनं काही खाल्लं नव्हतं. दुपारी तीनला ग्रामपंचायतीची सभा होती आणि गोजाबाई त्या पंचायतीची सभासद होती, एवढं कारण पुरे होतं. भीती उरात असते असं लोक म्हणतात. खोटं आहे. भीती पोटात असते आणि ती माणसाला एका जागी बसू देत नाही.

जांभुळकुंड हे तिचं गाव चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यापासून दोन मैल आत. साल एकोणीसशे एकोणसाठ. पंचायतीचा नवा कायदा आला होता आणि त्यात बायांसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. गावानं आधी पोट धरून हसून घेतलं. जागा भरायची वेळ आली तेव्हा हसू आटलं, कारण आपली बायको चावडीवर पाठवायला गावातला एकही मराठा तयार होईना. एक जागा सरपंच आबाजी पाटलानं आपल्या भावजयीच्या, दुर्गाबाईच्या नावावर टाकली. दुर्गाबाई सभेला कधीच आली नाही. सभा झाली की वही तिच्या चुलीपाशी जायची आणि ती भाकरी थापता थापता अंगठा उठवायची. दुसरी जागा गोजाबाईच्या पदरात पडली.

गोजाबाई गावाबाहेरच्या वस्तीतली. तिथल्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली होती, तरी गाव त्या वस्तीला अजून म्हारवाडाच म्हणे. पाटलाला तिचा कळवळा आला होता अशातला भाग नाही. कायद्याचं तोंड बंद करायला त्याला एक बाई हवी होती, आणि ती वस्तीच्या पुढाऱ्याच्या, उद्धव मास्तरच्या सांगण्यातली नसावी एवढीच अट होती. अख्ख्या वस्तीत अशी एकच बाई होती, ती म्हणजे गोजाबाई, खुद्द मास्तरच्या धाकट्या भावाची बायको.

सभेला ती चावडीच्या पायरीवर बसे. तीन पायऱ्या, त्यातली खालची तिची. आत जाजमावर सात पुरुष बसून बोलत, तंबाखू मळत. शेवटी सेक्रेटरी वही आणि शाईची गादी घेऊन बाहेर येई, ती अंगठा उठवी आणि घरी जाई. तिला कुणी पायरीवर बस म्हणालं नव्हतं आणि कुणी आत ये असंही म्हणालं नव्हतं. चार महिने असं चाललं होतं. खरं सांगायचं तर तिला त्या पायरीचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. पायरीवरून पळता येतं.

पण पंधरा दिवसांपूर्वी उद्धव मास्तर वारले आणि गोजाबाईची झोप उडाली.

मास्तर म्हणजे वस्तीचा आधार. कंदिलाच्या उजेडात त्यांनी वस्तीला अक्षरं शिकवली. लोकल बोर्डावर सहा वर्षं निवडून गेले, तेव्हा गावाला शाळेची खोली आणली, देवीची लस टोचणारा माणूस आणला, आणि लस टोचताना वस्तीची पोरं आणि पाटलाची पोरं एकाच रांगेत उभी केली. पुढं नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि उरलेली तीन वर्षं मावळातली गावं पायी हिंडत राहिले. लोकांना त्रिशरण द्यायचं, भटाशिवाय लग्नं लावायची, मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगायचं. माणूस थकला तो त्या चालण्यानंच. तळेगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या पायताणाला तळ उरला नव्हता.

वस्तीची मागणी मोठी नव्हती. पाटलाचे चुलते लोकल बोर्डाचे मेंबर होते. दोन महिन्यांमागं ते गेले तेव्हा चावडीत दुखवट्याचा ठराव झाला होता आणि सगळी सभा दोन मिनिटं उभी राहिली होती. मास्तरही त्याच बोर्डाचे मेंबर होते. मग त्यांच्यासाठीही सभेनं उभं राहावं. मास्तरचा मुलगा सोपान पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरीला होता, त्यानं तसा अर्ज लिहून सेक्रेटरीकडं दिला. अर्ज कुणीही देईल, पण ठराव सभासदानंच मांडायचा असतो. वस्तीतून सभासद कोण, तर गोजाबाई.

रविवारी सोपान सुट्टीवर आला तेव्हा त्यानं तिला ओसरीवर उभं करून सगळं घोटून घेतलं.

"काकी, पायरीवरून बोलायचं न्हाई. आत जायाचं, जाजमावर उभं ऱ्हायचं आन ठराव मांडायचा. मग कुनीतरी अनुमोदन देईल. मग समदे दोन मिनिटं उभं ऱ्हातील. सरपंच 'बसा' म्हनंस्तवर जागचं हलायचं न्हाई. मदीच कुनी हाललं तर दुखवटा मोडतो."

शेवटचं वाक्य त्यानं पदरचं घातलं होतं. चुलती घाबरट आहे, मधेच पळ काढेल, हे त्याला ठाऊक होतं. गोजाबाईनं मात्र ते कायद्याचं कलम समजून मनात पक्कं धरलं. सभा गुरुवारी होती आणि त्या दिवशी सोपानची दुपारची शिफ्ट होती. एवढं शिकवून तो पिंपरीला निघून गेला आणि वाघाच्या गुहेत जायचं काम तिच्यावर सोडलं.

ती त्याला हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती.

तिच्या आणि मास्तरच्या मधे तिचं मेलेलं मूल होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, लढाईच्या साली, मास्तरांनी अकरा माणसं घेऊन गावच्या विहिरीवर घागर बुडवली. गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, शेतावर कुणी बोलावीना. चार महिने वस्तीनं जात्यावर भरडलेल्या कण्या खाऊन काढले. त्यात गोजाबाईचा भैरू तापानं फणफणला. तीन वर्षांचं पोर, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. तळेगावला न्यायला गाडी हवी होती. गोजाबाई वस्तीला लागून घर असलेल्या चिमाजीच्या दारात गेली. चिमाजीनं बैल जुंपायला काढले, पण तेवढ्यात पाटलाचा गडी येऊन काहीतरी कानाशी बोलून गेला. मग चिमाजी म्हणाला, बैलाचा पाय दुखावलाय. शेवटी मास्तरांनीच पोर खांद्यावर घेतलं आणि ते चालत निघाले. इंदोरीच्या अलीकडं पोर गेलं. दुपारी ते तसेच माघारी आले, खांद्यावर पोर आणि पोरावर उपरणं.

तेव्हापासून गोजाबाईनं दिरासाठी कधी चूल पेटवली नाही. थोरल्या दिराशी बोलायची रीत तशीही नव्हतीच, पदर पुढं ओढून भिंतीआड उभं राहायचं आणि त्याचं नाव ओठावर आणायचं नाही. त्या रीतीचा तिला फायदाच झाला. एकोणीस वर्षांत ती त्या माणसाशी एक शब्द बोलली नाही. दरवर्षी भैरू गेला त्या दिवशी मास्तर येऊन तिच्या दारासमोरच्या दगडावर घटकाभर बसत. ती दार लावून घेई. मग ते उठून जात. तुमच्या विहिरीपायी माझं लेकरू गेलं, हे वाक्य तिनं सगळ्या वस्तीला ऐकवलं होतं आणि ते पाटलाच्या कानावरही गेलं होतं. म्हणून तर तिला जागा मिळाली.

आणि आता तिची लेक शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, पायाला सूज होती.

बुधवारी संध्याकाळी गोजाबाई खुरपणीहून परतत होती तेव्हा आबाजी पाटील बांधावर उभा होता. वाट तिथूनच होती. ती पदर सावरून कडेला झाली.

"काय गोजे, लेक आलीया म्हनं."

"व्हय."

"पयलंच हाय न्हवं? पयलं अवघड असतंय. येळ आली तर रस्त्यापस्तोर न्यायला गाडी लागंल."

"व्हय."

"मिळंल की. गाव काय परकं हाय का?" पाटील हसला. त्याचं हसणं नेहमीच मऊ असे. "उद्या त्या सोपानचा अर्ज हाय सभंत. तुला कुनी इचारलंच तर म्हन, मला काय ठावं न्हाई. म्हंजी समदं नीट चालतंय."

"व्हय," गोजाबाई म्हणाली. पाटलानं धमकी दिली असं तिला कुणापुढं सांगताही आलं नसतं. त्यानं तर गाडी मिळेल असं सांगितलं होतं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, म्हणजे सावळाला, सांगितलं. सावळा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सख्ख्या भावाचा दुखवटा, पण तो म्हणाला, "गप ऱ्हा. मेलेल्या मानसाला काय उभं ऱ्हानं आन काय बसनं. पोरगीकडं बघ." ती शालनकडं बघत रात्रभर पडून राहिली. पोरीनं कूस बदलली तरी ती उठून बसे. उजाडेपर्यंत तिचं ठरलं होतं. गप राहायचं. अंगठा उठवायचा आणि घरी यायचं. सोपान काय म्हणायचं ते म्हणो.

एवढं ठरवूनही पोट काही थांबलं नाही.

तीनला ती चावडीवर गेली आणि आपल्या पायरीवर बसली. पाच-सहाजण आले होते. चिमाजी दाराजवळ बसला होता, तोही आता पंचायतीत होता, केस पांढरे झाले होते. सेक्रेटरी परभणीकडचा तरुण माणूस, नोकरीत नवा. त्यानं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"विषय पहिला," तो म्हणाला. "माजी लोकल बोर्ड सभासद श्री. उद्धव ओव्हाळ यांच्या निधनाबद्दल दुखवट्याचा ठराव मांडावा, असा अर्ज आला आहे. कोणी मांडणार आहे का?"

कुणीतरी तंबाखूवर चुना घासला. गोजाबाई पायरीकडं बघत राहिली. पायरीच्या भेगेत मुंग्या जात होत्या आणि ती त्या मोजायचा प्रयत्न करत होती. एवढं टळलं की सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"तुमच्या त्या बाई सभासद आहेत ना," सेक्रेटरी म्हणाला. बिचाऱ्याला गावाची काही माहिती नव्हती. "त्यांना विचारावं लागेल."

"तिला काय इचारायचं?" पाटील म्हणाला. तो लोडाला टेकला होता, आवाज तोच मऊ. "तिचं म्हननं समद्या गावाला ठावं हाय. तिचं तीन वर्साचं पोरगं त्यानंच घालवलं. ईर बाटवायला गेला आन भावाच्या पोराचा जीव घेतला. ती माउली कुठल्या तोंडानं त्याचा दुखवटा मांडंल? लिवा, ठराव मांडायला कुनी न्हाई. म्होरचा इषय घ्या."

गोजाबाईनं मान वर केली.

हे वाक्य तिचं होतं. एकोणीस वर्षं तिनंच ते फिरवलं होतं, याच शब्दांत. पण पाटलाच्या तोंडून ते ऐकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. चिमाजीच्या दारात गडी कुणी पाठवला होता? बैल कुणी सोडायला लावले होते? हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, कारण पाटलावर रागावणं तिच्यासारखीला परवडणारं नव्हतं. दिरावर रागावणं परवडत होतं. तो घरचा होता, तो दगडावर येऊन मुकाट्यानं बसायचा. म्हणून सगळा राग तिनं त्याच्या डोक्यावर ओतला, आणि ज्यानं पोर मारलं तो आज तिच्या पोराचं नाव पुढं करून बोलत होता. तिला स्वतःची लाज वाटली.

पण लाजेनं भीती जात नाही. तरी ती उठली. पहिली पायरी तिची होती, ती सोडून दुसरीवर पाय ठेवताना तिला शालनची सुजलेली पावलं दिसली. गेली गाडी, ती मनात म्हणाली. तिसऱ्या पायरीवर तिनं उंबऱ्याला धरलं. मागं फिरायला अजूनही जागा होती. आणि मग ती जाजमावर होती. पायाखाली ते मऊ लागलं. आजवर त्या जाजमाला तिच्या घरातल्या कुणाचा पाय लागला नव्हता.

"म्या मांडते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की सेक्रेटरीनं कान पुढं केला. "म्या मांडते दुखवटा."

पाटील लोडावरून सरळ झाला.

"कुनाचा?" त्यानं विचारलं.

"थोरल्यांचा."

"थोरलं म्हंजी कोन? सभंत नाव लागतंय बाई. कोन वारलं?"

पाटलाला रीत ठाऊक होती. दिराचं नाव ती घेणार नाही, इथंच अडेल, हे त्यानं ओळखून विचारलं होतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि ते नाव तिनं झोपेतसुद्धा उच्चारलं नव्हतं. भिंतीला धरून उभं राहावं तशी ती आपल्याच पदराचं टोक धरून उभी राहिली.

"उद्धव," ती म्हणाली. "उद्धव कोंडाजी ओव्हाळ."

सेक्रेटरीनं लिहून घेतलं. "अनुमोदन?" त्यानं विचारलं.

गोजाबाईला वाटलं, संपलं. कुणी अनुमोदन देणार नाही, ठराव पडेल, आणि गाडीही गेली ती गेलीच. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. तिचे डोळे जाजमावरच्या एका डागावर होते आणि तो डाग मोठा होत चालला होता.

"हाय माझं," दाराजवळून चिमाजी म्हणाला. त्यानं मान खाली घातली होती. पाटलानं त्याच्याकडं बघितलं, पण चिमाजीनं काही वर बघितलं नाही.

पाटील मुरलेला माणूस. त्यानं क्षणभर विचार केला आणि तो पुन्हा लोडाला टेकला. "मंजूर," तो म्हणाला. "लिवा, सभा दुखवटा यक्त करते. झालं? म्होरचा इषय."

"साहेब, दोन मिनिटं उभं राहायचं असतं," सेक्रेटरी हळूच म्हणाला. "मागच्या वेळी आपण..."

"ज्याला ऱ्हायचं त्यानं ऱ्हावा."

सेक्रेटरी उठून उभा राहिला. चिमाजी उठला. बाकीच्यांनी पाटलाकडं बघितलं आणि ते बसून राहिले. एकाचं ढुंगण जरा वर झालं होतं, ते परत खाली टेकलं. गोजाबाई तर उभीच होती.

तिनं मास्तरांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. तीस वर्षं तिनं पदराआडून त्यांचे पायच बघितले होते. मग एकदम त्यांची पाठ दिसली. इंदोरीच्या वाटेला लागलेली पाठ, आणि खांद्यावरून मागं बघणारा भैरू. पोर खांद्यावर घेतलं की त्याचं तोंड मागं असतं. तो आईकडं बघत गेला होता. वाट वळेपर्यंत बघत गेला होता. हे ती एकोणीस वर्षांत एकदाही आठवू शकली नव्हती, कारण त्या पाठीचा राग करण्यातच तिचा सगळा वेळ गेला होता. आत्ता, शत्रूच्या जाजमावर उभं राहून, तिला ते तोंड स्वच्छ दिसलं. हसत होता तो. तापातही हसत होता, काकाच्या खांद्यावरून जायला मिळालं म्हणून.

दोन मिनिटं झाली असतील अशा अंदाजानं सेक्रेटरी बसला. चिमाजी बसला. गोजाबाई बसली नाही.

सरपंच अजून 'बसा' म्हणाला नव्हता. मधेच हललं तर दुखवटा मोडतो. ही दोघं हलली, आता आपण हललो तर सगळंच मोडलं, आणि तेही आपल्या पायानं. एवढं करून ते व्हायला नको. ती पाय रोवून उभी राहिली. पोटात पुन्हा कळ आली, ती तिनं दाबून धरली.

"जा आता," पाटील म्हणाला. "झालं तुझं काम."

ती हलली नाही.

पाटलानं हात झटकला आणि सेक्रेटरीला पुढचा विषय वाचायला सांगितला. विषय दुसरा, ओढ्यावरच्या रस्त्याची दुरुस्ती. दोघंजण मुरूम कुठून आणायचा ते बोलू लागले, पण बोलणं काही केल्या जमेना. सभेच्या मधोमध एक बाई पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून उभी आहे, आणि तिच्या भोवतीनं मुरुमाच्या गोष्टी कशा करायच्या? एकाच्या तोंडात तंबाखूची पिंक साठली होती. थुंकायला बाहेर जायचं तर तिच्या अंगावरून जावं लागणार, म्हणून तो गाल फुगवून तसाच बसला. मुरूम राहिला बाजूला.

"आगं ए बाई," पाटील म्हणाला. आवाजातला मऊपणा पहिल्यांदा सरला होता. "काय आरंभलंस? जा म्हनलं न्हवं?"

गोजाबाईनं तोंड उघडलं. तिला रडू येत होतं. ती पाटलाला अडवायला उभी नव्हती, पण हे पाटलाला कसं पटवावं?

"बसा म्हना, पाटील," ती म्हणाली. "तुमी बसा म्हनल्याबिगर दुखवटा सरत न्हाई. म्या मदीच हालले तर मोडंल."

पाटील तिच्याकडं बघत राहिला. ही बाई आपली थट्टा करतेय का, हे त्याला कळेना. आणि ती थट्टा करत नाही हे कळलं तेव्हा तर तो जास्तच अडकला. आता तिला बसा म्हणायचं म्हणजे कुठं? ती जाजमावर उभी होती. सरपंचानं भर सभेत, सेक्रेटरीच्या वहीसमोर, तिला जाजमावर बसा म्हणायचं. उठवून बाहेर काढायचं तर बाईच्या अंगाला हात कोण लावणार? आणि सरकारी माणूस समोर बसलेला. न म्हणावं तर ती तशीच उभी राहणार, तिन्हीसांजा झाल्या तरी. त्यानं सभासदांकडं बघितलं. सभासद जाजमाकडं बघत होते.

बराच वेळ गेला. गोजाबाईच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पडले तरी मोडेल का, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि त्याचं उत्तर सोपाननं सांगितलं नव्हतं.

"बसा," पाटील म्हणाला.

ती होती तिथंच खाली बसली. बसली की कोसळली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पदरात तोंड घालून ती मुकाट रडू लागली. ओढ्याचा रस्ता कसाबसा मंजूर झाला. कुणी तिला पायरीवर जा म्हणालं नाही. पिंकवाला भिंतीच्या कडेकडेनं बाहेर धावला.

सभा सुटली. पाटील फेटा सारखा करत उठला आणि जाताना तिच्याजवळ क्षणभर थांबला. "गाडीचं तेवढं तुझं तू बघ आता," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. बाकीचे त्याच्यामागं गेले.

चावडीत सेक्रेटरी, ती आणि अनुमोदनाची सही करायला थांबलेला चिमाजी, एवढेच उरले. सेक्रेटरी वही घेऊन तिच्यापुढं जाजमावर बसला आणि त्यानं शाईची गादी उघडली. तिनं अंगठा पुढं केला आणि मग मागं घेतला.

"यात आनखी एक नाव घालता येतंय का?"

"कुणाचं?"

"भैरूचं. भैरू सावळा ओव्हाळ. तीन वर्सं."

सेक्रेटरी गोंधळला. "हे कधी वारले? सभासद होते का? ठरावात कसं घालायचं?"

"सभासद न्हवता," गोजाबाई म्हणाली. "त्यांच्या खांद्यावर व्हता."

सेक्रेटरीला काही समजलं नाही. त्यानं चिमाजीकडं बघितलं. चिमाजी वहीशेजारी उकिडवा बसला होता, टाक हातात घेऊन, आणि टाकाची शाई जाजमावर ठिबकत होती.

"लिवा," चिमाजी म्हणाला. "आन गाडी कुनी दिली न्हाई त्येचं नाव लिवायचं असंल तर ते म्या सांगतो. माझं हाय."

त्यानं सही केली आणि टाक खाली ठेवला. "पोरीला कळा लागल्या की सांगावा धाड," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "दिवस असंल, रात असंल. बैलांचं पाय धड हायती."

गोजाबाईनं अंगठा शाईवर दाबला आणि सेक्रेटरी भैरूचं नाव लिहून संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.